काट्याच्या कॉम्प्युटरचं कुलूप

१२ ऑक्टोबर १९९९
साखर कारखान्यातला जुना युनिक्स कॉम्प्युटर रिटायर. नवीन लिनक्सवाला आला. ऊस तोलायच्या काट्यांचा प्रोग्रॅम त्यावर चढवायचं काम माझ्याकडे. आमचे एमडी जयसिंगराव म्हणाले, मोळीपूजनाला, हंगामाच्या मुहूर्तालाच, पावती कॉम्प्युटरातनं निघू दे, तुम्ही कायम. म्हणजे झालोच की! बायकोला, मोनाला, सांगितलं. तिनं गल्लीला सांगितलं.

१९ ऑक्टोबर
कंपाइल होईना. जुन्या सिस्टिमच्या निम्म्या डेफिनिशन्स नव्या मशीनला माहीतच नाहीत. लिनक्स जरा कच्चंच दिसतंय. निश्चय: रोज पहाटे उठून मॅन्युअल वाचायचं.

२० ऑक्टोबर, सकाळी ९
मॅन्युअल फार जाड. पहाटे झेपणार नाही.

२८ ऑक्टोबर
युक्ती सापडली! मशीनला जे माहीत नाही ते आपणच डिफाइन करायचं. गप्प बसतंय बिचारं. शेजारच्या टेबलवरची संघप्रिया म्हणाली, सर, मनानं आकडे घालू नका, जुन्या मशीनच्या फाइलीत बघा. ज्युनियर आहे, शिकेल. जुनं मशीन गोडाऊनात, तिथं उंदीर हायत.

३ नोव्हेंबर
एकच राहिलं: कुलूप. एक काटा पावतीचा नंबर घेत असताना दुसऱ्याला थांबवायचं, दोघांना एकच नंबर जाऊ नये म्हणून. ते लावायच्या हुकमाचा आकडा काय? शून्य घातला. शून्यानं कुणाचं काय बिघडतंय? कंपाइल झालं! एका काट्यावर टेस्ट, पास. दुसऱ्याला रंग लावत होते.

११ नोव्हेंबर
उद्या मोळीपूजन. पहिल्या नंबरच्या मानावरून चेअरमन आकारामआबा आणि विरोधी गटाचे कृष्णातअण्णा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. जयसिंगरावांचा तोडगा: दोघांचे ट्रॅक्टर एकदम दोन काट्यांवर, नंबर कॉम्प्युटर ठरवेल. कॉम्प्युटर कुणाच्या गटात नसतो म्हणाले. केवढा विश्वास! नवा शर्ट काढून ठेवला.

१२ नोव्हेंबर, दुपार
दोन्ही काट्यांवर पावती निघाली. नंबर एक. दोन्हीकडं हलगी, गुलाल. मग एकमेकांच्या पावत्या बघितल्या. आबांनी विचारलं, कुठल्या गाढवानं बसवलाय ह्यो कॉम्प्युटर? सगळी माझ्याकडं बघायला लागली. शर्ट गेला.

१३ नोव्हेंबर
संघप्रिया गोडाऊनात जाऊन आली. कुलूप लावायचा आकडा एक. शून्य म्हणजे कुलूप काढ. फरक फक्त एकाचा! हेच सांगायला जयसिंगरावांच्या केबिनबाहेर सकाळपासून बसलोय. चहासुद्धा विचारला नाही कुणी.

१५ नोव्हेंबर
कायमची ऑर्डर निघाली. संघप्रियाची. मला शिट्टी दिली आहे. माझे बाकीचे आकडे ती तपासून प्रोग्रॅम दुरुस्त करेपर्यंत यार्डात उभं राहून एका वेळी एकच ट्रॅक्टर सोडायचा. मोनाला म्हटलं, फील्डची जबाबदारी आली. तिनं भाकरी वाढली आणि विचारलं, शिट्टी तरी वाजवायला येती का?