व्हॅलेन्सियाही बघू

॥ श्री ॥

रत्नागिरी,
१२ सप्टेंबर २००३

चि. सौ. मनस्विनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं आणि मन खिन्न झालं. अखेरीस तू 'आशिर्वाद असावेत' असं लिहिलंस. शि ऱ्हस्व! तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याची सख्खी बहीण ऱ्हस्व आशीर्वाद मागते, हे नाशकात खपत असेल, आपल्या घरात नाही. तरीही वर दीर्घच दिला आहे. थोरला भाऊ आहे, काय करणार?

बातमी अशी की नाताळच्या सुटीत आम्ही उभयता स्पेनला जायचं म्हणतो आहोत. हसू नकोस. तुझ्या वहिनीच्या माहेरी कॅलेंडरवर ग्रानाडाच्या राजवाड्याचं चित्र होतं, तो बघायचं ती लग्नाआधीपासून म्हणते. मे महिन्यात जा म्हणशील, पण मेमध्ये आंबा सोडून रत्नागिरीचा माणूस जातो कुठे? मध्यंतरी तिच्या डाव्या काखेत बोराएवढी गाठ लागली, मिरजेला दाखवली. काही नसेलच. येताना तिथेच नकाशा घेतला. आधी माद्रिद आणि ग्रानाडा एवढंच ठरलं होतं. परवा गाठीचा तुकडा तपासायला दिला, आणि आता टोलेदोही घेतलं आहे. माद्रिद दकारान्त, 'सुहृद्'सारखं सुखाने चालतं. टोलेदो पडलं ओकारान्त. ते 'गो'सारखं, म्हणजे गाईमागोमाग चालवावं लागणार.

मिरकरवाड्याचे गफूरभाई जहाजावर होते, बार्सिलोना पाहून आलेत. त्यांचं म्हणणं, मासळी तिकडेही झकास, फक्त तिरफळं घेऊन जा मास्तर. मी मासे खात नाही हे ते गेली वीस वर्षं विसरतात.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा
हरिहरदादा


नाशिक,
२० सप्टेंबर २००३

ती. दादास सा. न. वि. वि.

दीर्घ आशीर्वाद पोचला. पण वहिनीची गाठ तू दीड ओळीत उरकलीस आणि टोलेदोची गाय पुढे अर्धं पान चरत होती. दादा, मला तुझ्या विनोदाचीच धास्ती वाटते. आई अत्यवस्थ होती त्या आठवड्यातही तू मला असंच हसवणारं कार्ड टाकलं होतंस, आणि मी हसत हसत दोन दिवस उशिरा निघाले. ते मी अजून विसरलेले नाही.

काल फोनवर रिपोर्टचं दोनदा विचारलं. एकदा तू कोर्दोबाला निघून गेलास, दुसऱ्यांदा सेव्हिलला. बारा दिवसांच्या सहलीत पाच शहरं? लांज्याच्या पुढे गाडी लागणारा माणूस तू! वहिनी शेजारीच बसली आहे म्हणालास, म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर धाडते. रिपोर्ट आला की एका ओळीत लिही. अलंकार नकोत.

तुझी
मनू


रत्नागिरी,
९ ऑक्टोबर २००३

प्रिय मनुवन्संना वासंतीचा नमस्कार.

हे शाळेत गेलेत, तेवढ्यात लिहिते. माझं ऱ्हस्वदीर्घ यांना दाखवू नका.

एवढी स्पेनची हौस कुठून आली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. खरं सांगू? कॅलेंडर होतं, बस. मला हेदवीच्या गणपतीला जाऊन आले तरी पुष्कळ झालं. पण नकाशा पसरला की यांचं रात्री अंगणात येरझारा घालणं थांबतं, म्हणून मी माकडटोप्या विणायला घेतल्या. या उकाड्यात लोकर हाताला चिकटते नुसती.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. गाठ दाखवून आलो तेव्हा दोन शहरं होती. तुकडा काढला, तिसरं आलं. रिपोर्ट लांबला तशी आणखी दोन आली. आता जेवताना यांनी नवं नाव घेतलं की मी मनातल्या मनात शहरं मोजते. काल हे एकटेच मिरजेला गेले. मी येते म्हटलं तर रस्ता खराब आहे म्हणाले. परत आले, पाय धुतले, चहा घेतला. मी रिपोर्टचं विचारलं, तर डॉक्टर रजेवर आहेत म्हणाले. आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाले की आपण व्हॅलेन्सियाही बघू, तिकडे संत्री चांगली असतात.

वन्सं, मी काय ते समजले.

बघू की म्हटलं. मग मागीलदारी जाऊन भांडी घासणाऱ्या जनीशी उगाच बोलत राहिले. गप्प बसले असते तर ओरडले असते. फार भीती वाटते हो. पण मला कळलंय हे यांना कळू देऊ नका. सांगायचा धीर गोळा करायला यांना चार दिवस लागतील. तेवढे मी यांना देणार आहे.

आठवण काढत जा.

तुमची
वासंती


रत्नागिरी,
११ ऑक्टोबर २००३

चि. मनू,

व्हॅलेन्सिया हा शब्द चालवून तुला पाठवायचा होता. प्रथमा एकवचनापुढे गेलो नाही.

तुला एक ओळ हवी होती. रिपोर्ट वाईट आहे. तो शाळेतल्या कपाटात नववीच्या वह्यांखाली ठेवला आहे. दिवाळीच्या आत, एकवीस तारखेला मंगळवारी ऑपरेशन करायचं म्हणतात. पुढचं तेव्हाच कळेल.

वासंतीला अजून सांगितलेलं नाही. रोज सांगायला म्हणून तोंड उघडतो आणि एखादं शहर बाहेर पडतं. काल झारागोझा म्हणालो. ते कुठे आहे हे मला धड माहीतही नाही. ती हो म्हणाली आणि टोपीचे टाके मोजू लागली. तिला कशाची कल्पना नाही, मनू. तिच्या त्या 'हो'कडे माझ्याने बघवत नाही.

उद्या रविवार आहे, उद्या सांगणार. हे पत्र तुला मिळेल तोवर सांगून झालेलं असेल, त्यामुळे तुला फोनवर चोरून बोलायला नको.

आता जे लिहायचं ते लिहितो. मला भीती वाटते. तिला आत नेतील, दार लागेल आणि बाहेरच्या बाकावर मी एकटा असेन, एवढंच चित्र दिवसभर डोळ्यांपुढे येतं. वर्गात शिकवतानाही येतं. त्या बाकावर मला एकट्याने बसवणार नाही. तू ये. वीस तारखेपर्यंत ये.

तुझा
दादा