गारखेड्यात समुद्र

रविवार, ५ जानेवारी
निर्णय झाला. आई अठ्ठ्याहत्तरीला आली, जन्म फुलंब्रीचा, आणि तिनं आजवर समुद्र बघितलेला नाही. तिच्या भजनी मंडळाची बस चोवीसला गणपतीपुळ्याला निघतेय आणि हिला जायचंय. गुडघे असे, अन्‌ निघाली कोकणात. मी नेलं असतं, पण चितेगावच्या कंपनीत मला मार्च एंडचं टेन्शन जानेवारीतच सुरू होतं. म्हणून जाहीर केलं, आई, तू जाऊ नकोस, समुद्रच इथं गारखेड्यात, घरी आणतो. खाऱ्या पाण्याचा, माशांचा काचेचा टँक. बायको, नीरजा, चहा पिता पिता ठसकली. आई म्हणाली, बघू, चोवीसच्या आत दाव. मंडळाच्या वच्छलाबाईंना फोन करून आईचं नाव काढायला नीरजाला सांगून टाकलं.
संकल्प: अजिबात घाई करायची नाही.

बुधवार, ८ जानेवारी
टँक आला. टीव्हीच्या जागी बसवला. टीव्ही तूर्त दिवाणावर आडवा आहे. दुकानदार सोमनाथ म्हणाला, साहेब, पाणी भरल्यावर महिनाभर तरी मुरू द्या. त्यात बारीक जंतू तयार होतात, ते घाण खातात, मगच मासे सोडायचे. मुद्दा बरोबर आहे. पण तो नवशिक्यांसाठी. मी दसऱ्यापासून व्हिडिओ बघतोय.

शनिवार, ११ जानेवारी
नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि समुद्राला नळाचं पाणी चालतच नाही. फिल्टरचंच लागतं. म्हणून किचनमधला फिल्टर समुद्राला दिला. नीरजा शेजारून प्यायचं पाणी आणते आणि येता-जाता बोलते. मोठ्या कामात घरच्यांनी थोडी कळ सोसायला पाहिजे.
पाणी भरलं, समुद्री मीठ कालवलं, वाळू टाकली. वाळू आधी धुवा असं पाकिटावर लिहिलंय. इथं माणसाला अंघोळीला पाणी नाही, वाळू कुठं धूत बसायची? तशीच टाकली. आई बराच वेळ बघत होती. म्हणाली, गोदावरीला पूर आल्यावर असंच दिसतं, समुद्र बी असाच असतो व्हय? मी म्हटलं, सुरुवातीला असतो.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत
पाणी निवळलं. आता आरपार भिंत दिसते. आई खुर्ची टाकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, यात हाय काय?
संकल्पात किरकोळ दुरुस्ती: घाई करायची नाही, पण उशीरही करायचा नाही.

गुरुवार, १६ जानेवारी
सोमनाथनं विचारलं, पाणी कधी भरलंत? मी म्हटलं, डिसेंबरात. चार दिवस इकडंतिकडं होतंच. दोन मासे दिले, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. आई लई खूश. एकाचं नाव तिनं बाळ्या ठेवलं. दुसरा वेगळा ओळखू येत नाही, म्हणून तोही बाळ्या. काय ते महिनाभर मुरवणं. उगाच लोकांना घाबरवून ठेवलंय.

शनिवार, १८ जानेवारी. रात्री ८
आज घरी हळदीकुंकू होतं. मी कंपनीत. परत येऊन बघतो तर बायकांनी समुद्राची ओटी भरलेली. वच्छलाबाई म्हणाल्या म्हणे, गोदावरीची भरतो, मग घरी आलेल्या समुद्राला तसंच कसं ठेवायचं? कुणीतरी शंका काढली, समुद्र पुरुष आहे, त्याची ओटी कशी भरणार? आईनं निकाल दिला, पाणी म्हणलं की ओटी. तर आता समुद्रात मूठभर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू आणि वर तरंगता नारळ. दोन्ही बाळ्यांना तिळगूळ. नीरजा म्हणाली, सगळ्या हात जोडून उभ्या होत्या, कुणाकुणाचा हात धरू?
नारळ काढला. तांदूळ राहू दिले. तळाला पांढरे छान दिसतात.

सोमवार, २० जानेवारी
घरभर आंबलेल्या पिठाचा वास. पाणी पिवळट, दोन्ही बाळ्या वर येऊन तोंड वासताहेत. आई टँकजवळून हलेना. म्हणाली, माझ्यासाठी आणलेस आणि मारायला निघालास. हे फार लागलं. मासे बादलीत घातले आणि दुकान गाठलं. नीरजा स्कूटी चालवत होती, मी मागं बादली धरून. निम्मा समुद्र माझ्या पँटवर.
सोमनाथनं त्यांना त्याच्या टँकमध्ये सोडलं. वाचले. मग म्हणाला, साहेब, डिसेंबरातलं पाणी असं वागत नाही. मी ओटीचं सांगितलं. तो म्हणाला, तुमचं पाणी तयार होईस्तोवर मासे मी देत नसतो. लोकांचा आजकाल गिऱ्हाइकावर विश्वास राहिला नाही.

बुधवार, २२ जानेवारी
निम्मं पाणी बदलून झालं. फिल्टर परत समुद्राकडं, नीरजा परत शेजारी. काचेवर तपकिरी थर आलाय. व्हिडिओत म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे. स्विचबोर्डावर मिठाचा थर आलाय, त्याबद्दल व्हिडिओत काही नाही.
शांत डोक्यानं विचार केला. समुद्र म्हणजे मुळात लाटा. मासे दुय्यम.

गुरुवार, २३ जानेवारी
लाटांचा पंप आणला. निळा लाइट लावला, मोबाइलवर गाज लावली, आईला चांगली साडी नेसवून सोफ्यावर बसवलं. पंप फुल्ल केला. पहिली लाट आईच्या अंगावर, दुसरी दिवाणावरच्या टीव्हीवर. आईनं बोट चाटून बघितलं. म्हणाली, खारट हाय बरं का. मला भरून आलं. आईला समुद्र दाखवला. चोवीसच्या आत दाखवला.

शुक्रवार, २४ जानेवारी. सायंकाळी ७
कंपनीतून आलो तर आई घरात नाही. तिची बॅग नाही. नीरजा म्हणाली, पाचच्या बसनं गेल्या. मी म्हटलं, नाव काढायला सांगितलं होतं ना? ती म्हणाली, तुम्ही सांगितलं होतंत, मी काढलं नव्हतं. आईंनीच नको म्हटलं होतं, पहिल्याच दिवशी. म्हणजे या दोघी मला टँक भरताना नुसत्या बघत होत्या. पंप बंद करून टाकला. जेवलो नाही. दोन पोळ्या खाल्ल्या फक्त.

रविवार, २६ जानेवारी. सकाळी ११
आईचा व्हिडिओ कॉल. साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी. एका बाजूनं वच्छलाबाईंनी धरलंय. गुडघ्यांबद्दल मी विचारलं, ते तिला ऐकूच गेलं नाही. लाट आली की लहान पोरीसारखी हसायची. म्हणाली, श्रीरंग, याला पलीकडची काचच नाय रे. मग मोबाइल फिरवला. नुसतं पाणी. मी म्हटलं, आई, मला सगळं माहितीय. तर म्हणाली, तू कवा बघितलास?
मंडळातल्या सगळ्या बायका स्क्रीनमध्ये डोकावल्या, उत्तर ऐकायला. मी म्हटलं, आवाज तुटतोय. फोन कापला. आवाज स्वच्छ येत होता.
बावन्न वर्षांचा झालो, समुद्र बघितलेला नाही. मोबाइलवरच बघितलाय. लाज वाटली, खोटं कशाला लिहा. नीरजाला सहज विचारलं, पुढची बस कधी आहे? ती म्हणाली, मंडळ बायकांचं आहे.