रोहिणीची वजाबाकी

८ ऑक्टो., सेनगाव
रोहिणीचा मेल. एकाच सरांकडे दोघींची पीएच.डी., आणि माझ्या मेहनतीवर बाईनं बोळा फिरवला! अवकाशातल्या दुर्बिणीच्या एका दांड्यावर आपटून भटका उजेड फोटोत शिरतो, धुरासारखा. तेवढाच वजा करायची हिची नवी रीत. वजा केल्यावर मी शोधलेली आकाशगंगा गायब. अख्खा प्रबंध त्या एका अंधुक ठिपक्यावर उभा आहे माझा!
सर लिहितात, "सुंदर काम, रोहिणी." मला कधी म्हणाले?

९ ऑक्टो.
जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं, तरी बरं वाटत नाही. पुण्यात घर, बाप प्रोफेसर, इंग्रजी फाडफाड. मी इथं रेंजसाठी घराच्या धाब्यावर चढून बसते, खाली सोयाबीनचं मळणीयंत्र धडधडतंय.
आई : "काहून चिडचिड करून राहिली?"
म्हटलं, एक पोरगी माझं काम खोडून राहिली.
"मंग तिची चूक काढ की."
तेच करते.

११ ऑक्टो.
रो.ला फोन. ठणकावून सांगितलं, तुझी रीत खरा उजेडही खाते. तर म्हणे, "असेल गं. तू तपासून सांग, तुझी नजर बारीक आहे."
असं गोड बोलली की आणखीच डोकं फिरतं.

१२ ऑक्टो.
तपासलं. आकाशातली खरी वस्तू असेल तर दुर्बीण वळवल्यावर ती फोटोत शेजारच्या ताऱ्यांबरोबर सरकते. भटका उजेड कॅमेऱ्याच्या त्याच कोपऱ्यात ठाण मांडून बसतो. मी आजवर एकाच वेळचे फोटो बघत बसले. दुर्बीण वळल्यानंतरचे त्यांच्या शेजारी लावून बघायचं सुचलंच नाही, की नकोच होतं...
आज लावले. सगळं सरकलं. ठिपका जिथल्या तिथं.
परत लावले. जिथल्या तिथं.
म्हणजे रो. बरोबर. आज नाही कळवत. उद्या बघू.

१३ ऑक्टो.
सकाळीच रो.चा सरांना मेल, मलाही प्रत. "तिला शंका आहे, म्हणजे माझ्याच रीतीत खोट असणार. तेवढा भाग मागे घेते."
सरांचं लगेच मला उत्तर : "शाबास! अशीच नजर हवी."
शाबास. मला.
आईनं जेवायला खाली बोलावलं. "काय झालं त्या पोरीचं? ऐकली का तुझं?"
"व्हय. हरली ती."
"मंग जेव ना. तोंड काहून पाडलं?"
काय सांगू हिला? सरांना उत्तर द्यायचंय. "सर, धन्यवाद" एवढं लिहिलंय. पुढं ठिपक्याचं खरं लिहायचं, की...