कोपराची जागा

सेंट मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस,
मठातून

प्रिय रिखेन्झा,

तुला आणि छोट्या युट्टाला आशीर्वाद. इथं सगळं ठीक आहे. सफरचंदं वाळत घातली. माझा खोकला आहे तसाच. स्वयंपाकघराच्या छपराला लागलेली गळती अखेर थांबली.

तुझं पत्र पोचलं. ‘मावशी साक्षीला आहे, आता मला भीती नाही’ असं तू लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा वाचलेलं नाही.

परवा बिशपच्या दालनात तुझ्या लग्नाबद्दल माझी साक्ष झाली. दहा-बारा पुरुष बाकांवर बसलेले. तुझा नवरा आला नव्हता. त्याचा कारभारी होता. पद्धत तुला ठाऊक आहे. डोकं म्हणजे दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एबरविन. तिथून एकेक पिढी हातावरून खाली उतरवायची. दोघंही मनगटाशीच थांबलात तर नातं जवळचं, लग्न रद्द. बोटाच्या पहिल्या पेरावर गेलात तर लग्न खरं. तुझा ड्यूक बुर्खार्ड मनगटावर येतो, त्यावर वाद नाही. प्रश्न आपल्या बाजूचा होता. आणि ती सांगायला आता मी एकटीच उरले आहे.

साक्षीआधी कारभारी मठात आला होता. चांगला बोलतो. मधाची भाकरी खाल्ली, आमच्या माश्यांचं कौतुक केलं. मग म्हणाला, “आईसाहेब, हात मनगटाशी थांबला तर बाईसाहेब मुलीला घेऊन तुमच्याकडे येतील. बोटापर्यंत गेला तरी येतील. पण मग त्यांची जागा चर्चच्या फरशीखाली.”

तू लिहिलं होतंस, तुझ्या वाडग्यातला रस्सा चाटलेली कुत्री सकाळी उठली नाही. मासळी शिळी असेल, असंही लिहिलं होतंस. रिखेन्झा, त्या दिवशी रस्सा मटणाचा होता. तूच त्याच पत्रात वर सांगितलं होतंस.

दालनात मला बाही वर करायला लावली. डोक्याला हात लावला: एबरविन. मान: पणजी. खांदा: आजी. मग कोपर आलं. कोपर माझ्या आईचं, गेर्लिंटचं. तुझ्या आईला जन्म देऊन ती आठव्या दिवशी गेली. आम्हा दोघींना आजीनं वाढवलं, आम्ही आजीलाच आई म्हणायचो. गावालाही तेच आठवतं.

माझं बोट कोपरावर होतं. लेखनिक वैतागला. म्हणाला, “म्हातारपणी हात आखडतो, पण इतका?” सगळे हसले.

मी म्हणाले, “कोपर: माझी बहीण. मनगट: रिखेन्झा.”

मग पवित्र अस्थींवर हात ठेवून शपथ घेतली.

काल आईचा, गेर्लिंटचा, स्मृतिदिन होता. मृतांच्या वहीतून तिचं नाव दर वर्षी मीच वाचते. काल वाचलं नाही. ते आता वहीत नाही. लेखणी तासायच्या सुरीनं खरवडलं. पानाचं चामडं तेवढं पांढरं पडलंय.

युट्टाचं ठरलेलं लग्न मोडेल, मला कळतं. तिला वडिलांचं नाव राहणार नाही. ती मोठी झाली की माझ्याशी बोलणार नाही. तू कदाचित आजपासूनच.

निकालाविरुद्ध रोमला पोपकडे अर्ज करायचा असेल तर कर, पण इथून कर. तिथून लिहिलेला अर्ज नदी ओलांडायच्या आधी तू जेवायला बसशील. विचारलं तर मी खरं सांगेन, आणि खोट्या शपथेची शिक्षा भोगेन. तोवर तू जिवंत हवीस.

हे पत्र सिस्टर आडेला भाकरीच्या टोपलीतून आणते आहे. वाचून लगेच जाळ. भाकऱ्या तिच्यासमोरच खा. दुसरं काही खाऊ नकोस. गुरुवारी निकाल वाचतील. दालनात रडू नकोस, भांडू नकोस. युट्टाचा हात धर आणि पायरीपाशी उभ्या असलेल्या आमच्या गाडीत बस.

तुमच्या दोघींचं अंथरूण घातलं आहे.

कागदोपत्री आता आपल्याच आजीची मुलगी असलेली,
तुझी मावशी
ओडा