साबणाच्या खोक्यातून मस्कतला

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. सून म्हणून श्राद्धाला पान वाढत आले, पण तुमच्याशी दोन शब्द बोलावेत असं इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही. आज बोलते आहे ते मायेने नाही, हे आधीच सांगून ठेवते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घ्या. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं.

माझ्या लग्नाचा चौथा दिवस आठवतो का? तुमच्या पिठाच्या डब्यात झुरळ निघालं. तुम्ही डब्यात पाहिलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. माझी पत्र्याची ट्रंक फरफटत अंगणात आणलीत आणि आळीतल्या बायकांना हाक घातलीत, "या गं, हिच्या माहेरची लक्ष्मी बघा, सहा पायांची." मग तुम्ही एकेक लुगडं झटकताय, चोळ्या झटकताय, परकर उलटे करताय. मी दाराशी उभी आहे, अंगाला अजून हळदीचा वास. बायका पदर तोंडाला लावून हसतायत. तुमचा मुलगा ओसरीवर सुपारी कातरत बसलाय, एकदासुद्धा मान वर करत नाही. ट्रंकेतून काय निघालं, तर माझ्या आईने टाकलेल्या डांबराच्या गोळ्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, हिच्यात तर काहीच नाही." तुम्ही म्हणालात, "माझा आवाज ऐकून पळाली असतील." त्यावर सगळ्यात मोठं हसू झालं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरले असते. पण दिवाळीला माझे वडील करंज्यांची पाटी डोक्यावर घेऊन आले, तर तुम्ही ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. म्हणालात, "इथंच सुपात काढा, एकेक बघून." वडिलांनी खाली बसून एकेक करंजी उचलली, फुंकली, सुपात ठेवली. पाणीही न पिता गेले आणि पुन्हा त्या घरी आले नाहीत. तुम्ही गेल्यावर चुन्याचा हात द्यायला म्हणून तुमची ती लाकडी मांडणी भिंतीवरून उतरवली. मागची भिंत काळी होती, आणि हलत होती. सगळी तुमचीच, पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली. तुम्हाला हे ठाऊक होतं का, एवढंच मला त्या दिवशी विचारायचं होतं. आणि तुम्ही तर मरून मोकळ्या झालेल्या.

आता माझं ऐका. तुमचा मुलगा गाव सोडून नव्या मुंबईत पावणे इथल्या कारखान्यात लागला, आम्ही नेरुळला दोन खोल्यांत आलो. आमचा मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर होता, तिथून मस्कतच्या बंदरात गेला, बायकोला घेऊन गेला. ती बाळंतपणाला इकडे यायची होती, पण डॉक्टरांनी विमानाला नको म्हटलं. मग मीच गेले. साठी ओलांडलेली बाई, पहिल्यांदा विमानात. खालच्या वाण्याकडून साबणाचं रिकामं खोकं मागून घेतलं. त्यात कुरडया, शेवया, डिंक, हळीव, मसाला आणि दुपट्यांसाठी माझी जुनी मऊ पातळं भरली, सुतळीने आवळलं.

सुनेचं घर मी बघत राहिले. आत्याबाई, ओट्यावर तोंड दिसेल इतकं लख्ख. कंपनीचं घर, गार हवेचं मशीन, एक माशी नाही. मी रिकामं झालेलं खोकं ओट्याखाली सारून ठेवलं, पुढेमागे लागेल म्हणून. आपली सवय, खोकं टाकवत नाही. नातू झाला. त्याला न्हाऊमाखू घालताना दोन महिने कसे गेले कळलं नाही. मग एक दिवस डब्यांच्या कपाटात झुरळांची बारकी पिल्लं दिसली, पांढुरकी. दुसऱ्या दिवशी ओट्यावर. तिसऱ्या दिवशी दुधाच्या बाटलीवर. दुपारी सून बाळाला घेऊन निजली होती, मी ओट्याखाली वाकले. खोक्याच्या तळाच्या घड्यांमध्ये झुरळांच्या अंड्यांची तपकिरी बोंडं चिकटलेली, चवळीच्या दाण्याएवढी, उललेली, रिकामी. मला ती नवी नव्हती. तुमच्या मांडणीमागे सूपभर झाडली होती मी. खोकं पायाने चेपलं, पदराखाली धरलं, जिना उतरून कचऱ्याच्या पिंपात तळाशी कोंबलं आणि हात धुतले.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, कपाट उघडलं आणि सुनेवर भडकला. "कंपनीचं घर आहे हे, कळतं का? फवारणीवाले बोलवले तर साहेब काय म्हणेल? दिवसभर घरात असतेस, तुला एवढं होत नाही?" सून म्हणाली, "अहो, आजवर एक नव्हतं." मग माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही सांगा ना यांना. मी रोज पुसते की नाही?"

ती मला साक्षीला बोलवत होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं, टाके अजून दुखत होते, बसताना तोंड वाकडं व्हायचं तिचं. मी म्हटलं, "आमच्याकडे नाही बाई असलं कधी निघालं."

एवढंच म्हटलं. ती एका हाताने कपाट पुसायला लागली. मग मी बोरिक पावडर मागवली, कणकेत साखर घालून गोळ्या केल्या, उंचावर फटींमध्ये ठेवल्या. आठवड्यात झुरळं गेली. मुलगा तिला म्हणाला, "बघ, शीक जरा आईकडून." आणि मी, आत्याबाई, ते ऐकून घेतलं. परत निघताना तिने बॅग भरून दिली, पाया पडली, म्हणाली, "आई, पुढच्या वेळी काही बांधून आणू नका, इथे सगळं मिळतं." तिला खोक्याचं कळलं होतं, का ती नुसती चांगुलपणाने बोलली, हे मला अजून उमगलेलं नाही.

मुलगा-सून दर शुक्रवारी समोरच्यांच्या घरी फोन करतात. गेल्या शुक्रवारी सुनेनेच लावला होता. मी विचारलं, "काय करतो आमचा मुलगा?" ती म्हणाली, "आलेत आत्ताच. कपाटं बघतायत." मी विचारलं, "कसली कपाटं?" म्हणाली, "रोज बघतात, आई. आल्यावर आधी कपाटं, मग चहा. सवय लागलीय त्यांना आता." आवाजात रडणं नाही, तक्रार नाही. समोरच्यांच्या हॉलमध्ये चार माणसं टीव्ही बंद करून माझं बोलणं ऐकत होती. मी म्हटलं, "बाळाला जप," आणि फोन ठेवला.

तुमच्यापाशी निदान एक होतं, तुम्ही केलंत ते चारचौघांत केलंत. मी पदराखाली केलं. माझ्या एका वाक्याने त्याचा तो रोजचा पंचनामा थांबेल, हे मला माहीत आहे. वर्ष झालं, ते वाक्य मी कुणापाशी बोललेले नाही, तुमच्या मुलापाशीही नाही. तो तेव्हाही सुपारी कातरत होता, आताही कातरतो.

आणि हे परदेशाचं निळं पत्र मी तुमच्यासाठी आणलेलंच नव्हतं. सकाळी पोस्टात जाऊन मागितलं ते सुनेला लिहायला. बाहेरच्या बाजूला तिचा पत्ताही घातलाय, तो अजून तसाच आहे. आत पहिला शब्द लिहायची वेळ आली, तिचं नाव येईना, तुमचं आलं. तुमच्यावर रागवायला मला कधी श्रम पडले नाहीत. आता पत्र दोन्ही बाजूंनी भरलं, तिला लिहायला जागा उरली नाही. दुसरं आणायला पोस्ट उद्या उघडं आहे. मी जाईन असं म्हणते, पण आज सकाळीही मी असंच म्हणाले होते.