मुठीत उरलेला चिवट गोळा

बेरेझ्की, ३ सप्टेंबर २००९

चि. कापास एर्मोलायदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम आहे, म्हणजे मी जिवंत आहे आणि चहाचा समोवार अजून गळत नाही. तुझ्या गुडघ्याचं कळव.

तुझ्या चिरंजीवांचं पत्र आलं. रोद्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर चढला, आनंद आहे. पण पत्र कसलं ते! मामाला चार ओळी आणि खाली प्रदेशांची जंत्री. कुठल्या प्रदेशात पांढऱ्या पावाचा गहू आणि काळ्या पावाची राय दळायची क्षमता किती, त्यातली चालू किती, पडून किती. तुमच्या अल्ताईत म्हणे गव्हाचं पीठ इतकं निघतं की पश्चिमेकडे आगगाड्या भरभरून पाठवावं लागतं. व्होल्गाकाठच्या गिरण्या अर्ध्या पोटी. आणि आमच्या व्यात्काकडे रायचं दळण दरसाल उतरतंय, म्हणून दोनपैकी एका गिरणीचे रायचे रोलर थांबवायचे. हे ठरवायला साहेब स्वतः ऑक्टोबरात येणार. मला वाचून शिसारी आली. माणसं पाव खातात गं, क्षमता खात नाहीत.

तुमचा पांढरा पाव इथल्या दुकानात दिसतो. कापूस नुसता. बोटानं दाबला की दबतो, सोडला की वर येतो, कुठल्याही साहेबापुढे मान हलवणाऱ्या कारकुनासारखा. आमचा काळा पाव असा नव्हे. तो आपलं वजन राखून असतो.

आठवतं का, तिसरीच्या वाचनमालेत रायच्या शेताची कविता होती? बाई ती म्हणायला लागल्या की खिडकीबाहेरचं खरं शेत डुलायचं, आणि मला वाटायचं, बाईच त्याला डुलवतात. आता त्या खिडकीतून बर्च झाडांचं रान दिसतं. पेरलंच नाही तर डुलणार काय? गिरणीच्या रेल्वेफाट्यावर मी उभा जन्म मालडबे लावून घेतले. पूर्वी रायचे डबे कोल्त्सोवोहून, झुएव्काहून येत. आता साव्वाती कुठून आणतो देव जाणे, पण आणतो. रोलर अखंड घरघरतात. मी झोपेतही ऐकतो. साव्वाती लुकिचसारखा व्यवस्थापक आहे म्हणून गाव तगलंय. तू त्याला वेणी ओढण्यावरून शेणाचा गोळा मारला होतास, तोच हा.

लोभ आहेच. तुमच्या पिठासारखा फार चाळू नकोस.

तुझा दादा

•

बर्नाऊल, १४ सप्टेंबर २००९

ती. एर्मोलायदादास कापाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे, तुझी जीभही. गव्हाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत मी सारी नोकरी काढली, तेव्हा आमच्या पावाला कापूस म्हणताना जरा बहिणीची लाज धर. तुझ्या काळ्या पावाच्या प्रेमात निम्मा पाव आणि निम्मी ती तिसरीतली कविता आहे. कविता वजा कर, मग चव सांग.

आता खुशखबर. रोद्या परवा जेवायला होता. तो म्हणाला, मामाला सांग, काळजी नको. बेरेझ्कीच्या गिरणीचे आकडे इतके चांगले आहेत की रायचे रोलर जवळजवळ पूर्ण क्षमतेनं चालतात. बंद होईल ती क्राम्ना गावची. ती निम्मं वर्ष नुसती उभी असते, तिथला व्यवस्थापक म्हणतो राय मिळत नाही. रोद्याचं म्हणणं, शेजारच्याला मिळते तर याला का मिळत नाही? आळशी असणार. बाकी तो येऊन गिरणी पाहील, सही करील आणि संपलं.

तेव्हा पाहुण्याच्या स्वागताचं पाव-मीठ घेऊन रीतीप्रमाणे दारात उभा राहा. पाव विकतचा नको, तू भाजलेला हवा. आणि कविता म्हणू नकोस, पोराला रात्रीची गाडी पकडायची असते.

दात जपून. बाकी माया आहेच.

कापा

•

बेरेझ्की, २५ सप्टेंबर

चि. कापास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी गिरणीच्या फाटकाशी उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच साव्वातीला मिठी मारली. तो कसनुसा हसला. मला वाटलं, भरून आलं असेल. क्राम्नाचं वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं. आळशांची चूल विझते, म्हटलं, आपली पेटती राहू दे.

साव्वातीनं स्वागताचं काम अर्थात मलाच दिलं. आईचा भरतकामाचा लाल टॉवेल काढला, धुतला, इस्त्री केली. आईचं लाकडी मीठपात्र घासलं. आणि इथून पुढचं तुला कसं सांगू कळत नाही.

पाव बिघडतोय, कापा. उन्हाळ्यापासूनच बिघडतोय. फुगतो उंच, आत पोकळ, दुसऱ्या दिवशी लाकूड. वास जळक्या साखरेचा. रायची कणीक चिखलासारखी बोटांना लागते, सोडता सोडवत नाही. ही मेली ताणली जाते आणि पुन्हा आखडते. आधी वाटलं माझे हात म्हातारे झाले. मग वाटलं पाणी. शेवटी वाटलं, आईच्या काठवटीतलं खमीरच नासलं. तिच्या फटीफटीत जे जगत होतं तेच मेलं आणि कुजलं. साहेबांपुढे गावाची शोभा नको म्हणून मी ती काठवट उकळतं पाणी घालून घासली. वाळूनं. दोनदा.

माहीत आहे. आपल्यात काठवट धूत नाहीत. आईनं धुतली नाही, आजीनं धुतली नाही, दुष्काळात रिकामी होती तेव्हाही धुतली नाही. मी धुतली. शेजारच्या ग्लाफिराकडून खमीर आणलं, नवा पाव भाजला. तोही तस्साच. जळकी साखर.

काठवट ओसरीत उपडी ठेवली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

रागाव, पण लिही.

दादा

•

बर्नाऊल, ५ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार वगैरे तूच समजून घे. आईची काठवट घासलीस! त्यापेक्षा आईच्या थडग्यावरचा दगड घासून गुळगुळीत केला असतास तर मला कमी लागलं असतं. एवढं आयुष्य गिरणीच्या दारात काढलंस आणि पीठ सोडून तू सगळ्यांवर संशय घेतलास. हातांवर, पाण्यावर, आईवर. पिठावर नाही, कारण पीठ साव्वातीचं.

आता ऐक. मूठभर कणीक मळ, थोडी मुरू दे. मग गार पाण्याखाली धरून हळूहळू चोळत राहा. राय असेल तर सगळी पाण्याबरोबर वाहून जाईल, मुठीत काही राहणार नाही. गहू असेल तर एक चिवट गोळा उरेल, रबरासारखा, करडा. हे आमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवतात.

सोबतचं पुडकं जपून उघड. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा आईनं आपल्या काठवटीतलं खमीर फडक्यात बांधून दिलं होतं. आपल्यात मुलीला देतातच. तुम्ही मुलगे, तुम्हाला काठवट मिळते म्हणून तुम्हाला वाटतं सगळं तुमच्याच घरात आहे. मी ते आजवर जगवलं आहे, तुझ्या त्या कापसाच्या प्रदेशात. त्यातलं सुकवून पाठवते. शिवाय आमच्या डोंगराकडच्या रायचं दोन पाव होतील इतकं पीठ आहे. रोद्यापुढे निदान खरा पाव तरी ठेव.

अजून रागावलेली, पण तुझीच

कापा

•

बेरेझ्की, १६ ऑक्टोबर

चि. कापास,

गोळा उरला. अक्रोडाएवढा.

तो ताटलीत ठेवून मी समोर बसलो. चघळून थुंकलेलं काही असावं तसा दिसतो. ओढला की येतो, सोडला की आक्रसतो. हे मी खात होतो, आणि खाऊन वर तुला पत्रातून मिजास करत होतो. मला खरोखर उलटी झाली, पायरीवरच.

ताटली तशीच उचलून साव्वातीकडे गेलो. त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, एर्मोशा, राय आहे कुठे? पेरणारे गेले. दोन वर्षांपूर्वी थोडा गहू घातला, पूर्वेकडून स्वस्त येतो तो. कुणी बोललं नाही. यंदा वसंतापासून निम्म्याहून जास्त. रंगाला जाळलेला माल्ट, मोड आलेल्या जवाचा. पोत्यावर राय, कागदावर राय, रोलर चालू, घराघरात पगार. मग चहा ओतता ओतता म्हणाला, तूच तर दर रविवारी कट्ट्यावर बसून म्हणायचास, असा काळा पाव जगात नाही. तुझ्या शिफारशीवर निम्मं गाव खात होतं.

कापा, त्या चहात साखर घालून त्यानं तो माझ्याकडे सरकवला. त्या सरकवण्याची किळस आली मला. फसवल्याचीही इतकी नाही आली.

आणि क्राम्नाचा माणूस आळशी नव्हता. त्याला राय मिळेल तेव्हाच तो दळत होता आणि न मिळेल तेव्हा गिरणी उभी ठेवत होता. म्हणून कागदावर तो रिकामा आणि आम्ही भरलेले. आमच्या खोटेपणाखाली त्याची गिरणी बंद होणार, आणि मी त्याला फाटकाशी उभा राहून नावं ठेवली.

तुझं पुडकं आलं हे साव्वातीला पोस्टमास्तरीणबाईंकडून कळलं. तो आज येऊन बसला. म्हणाला, बहिणीच्या पिठाचा पाव भाज, साहेबांना दे, ते चाखतील, सही करतील. हिवाळा निघेल, पुढच्या वर्षी मी राय शोधतो, आईची शपथ. मग उठताना हळूच म्हणाला, फाटकाशी बोलशील तर नव्वद घरं तुझ्या अंगणात येऊन रडतील.

तो गेल्यावर खमीर भिजवलं. बुडबुडे आले. आईच्या स्वैपाकघराचा तो आंबूस वास घरभर झाला आणि मी लहान पोरासारखा तिथेच बसून राहिलो. उद्या पाव भाजू शकतो मी. खरा. पण आईच्या खमिराचा आणि तुझ्या पिठाचा पाव साव्वातीच्या पोत्यांसाठी खोटी साक्ष देईल. आणि नाही भाजला, तर या घरांत हिवाळा येईल तो माझ्यामुळे.

रोद्या बुधवारी येतोय. काय करू ते विचारत नाही. तुझं उत्तर तोवर पोचणारही नाही.

दादा

•

बेरेझ्की, २२ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पाहुण्यांच्या खोलीत बसून लिहितो. मामा ठीक आहे. जेवत नाही, पण ठीक आहे.

काल फाटकाशी सगळा गाव जमला होता. बाया नव्या रुमालांत, साव्वाती लुकिच टाय लावून. मामा पुढे आला, हातांवर आजीचा लाल टॉवेल. मी रीतीप्रमाणे वाकलो, पाव तोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. टॉवेलवर पाव नव्हता. एक पावाएवढा करडा, ओला, बुळबुळीत गोळा होता आणि त्याच्या मधोमध आजीचं मीठपात्र रुतवलेलं. माझ्या बरोबरची तपासनीस बाई तोंडाला रुमाल लावून बाजूला झाली. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारा चळला.

मामा कविता म्हणणार अशी मला धास्ती होती. त्यानं एकच वाक्य म्हटलं, आजीच्या म्हणीनं सुरू केलेलं. “पाव-मीठ खावं आणि खरं तोंडावर बोलावं, रोद्या, हे तुझ्या मामाच्या गावचं रायचं पीठ, धुऊन आणलंय.”

आई, मी गिरणीवाल्यांच्यात वाढलो. पाहताक्षणी कळलं. अख्ख्या वर्षाचे आकडे माझ्या डोळ्यांपुढे त्या गोळ्यासारखे आक्रसले. हे आकडे मी इथे न येता, टेबलाशी बसून पसंत केले होते. मला माझीच किळस आली. मी साव्वाती लुकिचकडे पाहिलं तर तो टायची गाठ सोडत होता. मग एक बाई पुढे आली, मामाच्या पायाशी थुंकली आणि घरी गेली.

इथले रायचे रोलर थांबतील. क्राम्नाचे चालू राहतील. इथल्या काही जणांना तिकडे घेता येईल का ते बघतो, सगळ्यांना नाही. मामाला म्हटलं, हिवाळाभर माझ्याबरोबर चल. तो म्हणाला, मग ती माणसं थुंकतील कुणावर?

तुझा

रोद्या

•

बेरेझ्की, ९ नोव्हेंबर

चि. कापास अनेक आशीर्वाद.

बर्फ पडलं. घरघर थांबली आहे, त्यामुळे झोप लागत नाही. इतकी वर्षं ती अंगाई होती हे ठाऊक नव्हतं.

गाव माझ्याशी बोलत नाही. ग्लाफिरा कुंपणापलीकडून दूध ठेवते, तोंड फिरवून. माझी हरकत नाही. चौदा जणांना क्राम्नाला काम मिळालं, पहाटेच्या बसनं जातात. बाकीच्यांचं बघवत नाही. दुकानात फळीसमोर उभा राहिलो की बाया गप्प होतात आणि मी घाईनं काहीतरी उचलून निघतो. परवा घरी येऊन बघतो तर काड्यापेट्या सात.

काठवट आत आणली. तुझं खमीर तिच्यात घातलं. पहिले काही दिवस लाकूड रुसल्यासारखं कोरडं होतं. आता फटींतून वास यायला लागलाय. एक गोष्ट मान्य करतो, अल्ताईत सगळाच कापूस नाही.

साव्वाती रविवारी आला. टोपी हातात, फाटकाशीच थबकला. पाव नुकता चुलीतून काढला होता. वास घेऊन म्हणाला, क्राम्नाचं पीठ आहे. मी मान हलवली. मी त्याला आत बोलावलं नाही, कापा. लहानपणापासूनचा मित्र, तरी त्याचा तो चहा माझ्या घशाशी आहे, तो खाली जात नाही. पण एक जाड काप कापला, मीठ लावलं आणि फाटकावरून दिला. त्यानं तो तिथेच, बर्फात उभं राहून खाल्ला. शेवटचा कण मिशीतून वेचून खाल्ला. आणि मान खाली घालून गेला. शाळेत कविता विसरला की असाच जायचा.

आणखी एक. भाजायच्या आधी मी मूठभर कणीक काढून ठेवली होती. संशय आता स्वभावातच शिरला. विहिरीच्या पाण्याखाली धरली, चोळत राहिलो. हात बधिर झाले. पाणी गढूळ वाहत गेलं, मग कमी गढूळ, मग नितळ. मूठ उघडली. काहीही नव्हतं. नुसता लाल, सुजलेला, म्हातारा हात.

कितीतरी वेळ मी त्या रिकाम्या हाताकडे बघत उभा होतो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

गुडघ्याला लोकरीचं बांध. लोभ आहे तसा असू दे, भेसळ नको.

तुझा

एर्मोशादादा