रशियन ठेवू की जपानी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

एकाच कामाच्या दोन वस्तू बाळगणाऱ्या समस्त बंधूंनो! आपलं दुःख एकच — घरचे विचारतात, "दोन कशाले?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

आज ही वेळ माझ्यावर भर सभेत आली. मीच आणली. खामगावच्या वाचनालयात साठवून ठेवण्याच्या रोगावर बोलत होतो. रंग चढला. टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती तुमची नाही, ज्याला हवी त्याची आहे!" टाळ्या. तिसऱ्या रांगेतून नसीमा उठली. फकीर मोहम्मदची मुलगी, त्याचा फोटो स्टुडिओ आता तीच चालवते.

"सर, तुमच्याजवय रीळवाले दोन कॅमेरे हायेत ना? मी पोरींसाठी फोटोचा वर्ग काढून राह्यली. एक द्या मंग."

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. पहिल्या रांगेत माझी बायको सुचिता. तिनंही वाजवल्या.

पुढच्या रविवारी एक द्यायचा. सर्वांसमोर कबूल करून बसलो.

३ फेब्रुवारी

दोन्ही जेवणाच्या टेबलावर मांडले. रशियन — पहिल्या पगारातला. वजनाला पाटा, बटण दाबलं की अडकित्त्यासारखा आवाज. जपानी नंतरचा. नुसता कुजबुजतो, पण भिंग असं की साडीच्या काठाचे धागे मोजून घ्या. त्याचं उजेड मोजायचं यंत्र बंद आहे, सेलच मिळत नाही. मी अंदाजानं भागवतो.

दोघांची एक गंमत सारखीच. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून पाहिलं की माणूस दोनदा दिसतो, एक ठळक, एक फिकट. भिंगाभोवतीचं कडं फिरवत जायचं. दोघांचा एक झाला की फोटो स्वच्छ येणार. चाळीस वर्षं झाली, तो क्षण आला की अजून पोटात गुदगुल्या होतात. या काळात कधी तरी दोन्हीपैकी एक नको वाटला का? नाही. वर्षभर हात लावला का? तेही नाही.

"चिठ्ठ्या टाका अन् मोकये व्हा," सुचिता म्हणाली. "जेवाले टेबल पाहिजे."

तत्त्वाचा प्रश्न चिठ्ठीनं सुटत नसतो, असं तिला सांगितलं. तिनं ताटं खाली मांडली.

४ फेब्रुवारी

परीक्षा घ्यायची ठरवली. दोघांत एकेक रीळ. जो सरस तो माझा. आज रशियन. बाजारात छत्तीस फोटो, कांदेवाल्यापासून कुल्फीवाल्यापर्यंत. दर वेळी खटक् झालं की माणसं वळून पाहत. काय सुंदर दिवस!

५ फेब्रुवारी

जपानीची पाळी. जिनिंग कारखान्याच्या आवारात सरकी काढायला आलेल्या कापसाचे ढीग लागलेत. सुचिताला पुढे उभं केलं. पांढऱ्यावरचा उजेड कसा वाचावा ते समजावत पस्तीस फोटो काढले. ती सारखी "अहो, आयका त—" करत होती. म्हटलं, मान हलवू नकोस. तीनदा तेच. शेवटी एक उरला. "आना इकडं," म्हणाली. दिला कॅमेरा. माझं बोलणं चालूच होतं, थांबवलं नाही.

७ फेब्रुवारी

दोन्ही रिळं धुवायला नसीमाकडे दिली आहेत, तिचा निरोप नाही. नखं खाल्ली.

८ फेब्रुवारी

नसीमा रिळं धुऊन घेऊन आली. रशियनचे छत्तीसच्या छत्तीस पास. जपानीचं रीळ उजेडात धरलं — कोरं. कोरं. पुन्हा कोरं.

इथं टाळ्या वाजवायला कुणी नाही, म्हणून खरं लिहितो. पहिला विचार आला तो असा, की मेलेला जपानी कॅमेरा पोरींना देऊन टाकावा. शब्द पाळला जाईल, रशियन वाचेल. दोन-तीन सेकंदच, पण आला. स्वतःची किळस आली. मग म्हणालो, "नसीमा, तू रशियन ने."

"थांबा सर. कॅमेरा जिंदा हाये. शेवटचा पाहा."

छत्तिसावा. कापसाच्या ढिगापुढे मी, हात वर, तोंड उघडं. मागे कापूस लोटणारी बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहते आणि हसते आहे. मी आयुष्यात असा फोटो काढला नाही.

"भिंगावर झाकन होतं," सुचिता शांतपणे म्हणाली. "तीनदा सांगू पाह्यलं. तुमी उजेडावर भाषन देऊन राह्यले होते."

या कॅमेऱ्यांत पाहायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसतं! रशियनचं झाकण कधीच हरवलंय, म्हणून मला काढायची सवयच उरली नाही.

"झाकण तर आताही लागलेलंच आहे. तू फोटो काढून झाल्यावर परत का लावलंस?"

"वस्तू जशी घेतली तशी वापस द्यावं."

नसीमा हसता हसता खुर्चीवरून घसरली. मीही हसलो, अगदी ठसका लागेपर्यंत. मग तिनं विचारलं, "काकू, तुमी कोनापाशी शिकल्या?"

"पस्तीस वर्सं समोर उभी राह्यली," सुचिता म्हणाली. "इकडून काय चुकते ते तिकडून चांगलं दिसते."

९ फेब्रुवारी

रशियन नसीमाला दिला. परीक्षेत तो नापास झाला म्हणून नाही. दिलेला शब्द बिघडलेल्या वस्तूनं पाळायचा विचार जी वाचवण्यासाठी मनात आला, तीच वस्तू द्यायला हवी होती. तिनं दारातच बटण दाबलं. खटक्! शेजारी बाहेर आले.

जपानी ठेवला.

१० फेब्रुवारी

सकाळी जपानीत नवं रीळ भरायला बसलो, तर सुचितानं तो माझ्या हातातून काढून घेतला. "हा माह्याजवय राहीन."

तेव्हा वक्ते महाशय, उद्या सकाळी सात वाजता जिनिंगच्या फाटकाशी जा, ती म्हणेल तिथं उभे राहा, आणि तिचं रीळ संपेपर्यंत एक शब्दही बोलू नका.